गाडी बसली आहे, असे काकांचे मत

सोसायटीच्या गेटमधला गतिरोधक ओलांडून माझी गाडी थांबली आणि थांबल्यावरही मागून खालीवर होत राहिली, तेव्हा रखवालदाराने अत्यंत आदराने विचारले, "साहेब, मागे पाळणा बसवलाय का?" या प्रश्नाचा राग अजून गेलेला नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्येच तपासणीला लागलो. गाडीचा एकेक कोपरा अंगाचा भार टाकून दाबायचा आणि सोडून द्यायचा. शॉकअप धडधाकट असेल तर गाडी वर येते आणि फार तर एक हेलकावा घेऊन स्थिर होते. पुढचे दोन्ही कोपरे सभ्यपणे थांबले, मागचे थांबेनात. वाकून पाहिले तर डाव्या शॉकअपच्या नळकांड्यावर तेल ओघळून धुळीचा काळा लेप बसला होता आणि त्या बाजूच्या टायरवरून हात फिरवताना उंचसखल चट्टे लागत होते. स्प्रिंग गाडीचा भार पेलते. तिची उसळी जिरवण्याचे काम शॉकअपचे, म्हणजे आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून त्या उसळीची उष्णता करून टाकण्याचे. तेलच गळून गेले की स्प्रिंगला आवरणारे कोणी उरत नाही.

एवढे मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना सांगितले, आणि तिथून पुढची सकाळ माझी राहिली नाही. काका बँकेतून निवृत्त झाले आहेत. सोसायटीच्या कमिटीतून निवृत्त व्हायला मात्र ते तयार नाहीत.

"गाडी बसलीय तुमची," ते म्हणाले. "स्प्रिंगा बदला."

मी टेपने दोन्ही मागच्या चाकांवरची उंची मोजून दाखवली. ती दोन्हीकडे सारखी होती.

"म्हणजे दोन्ही बसल्यात!"

पुढच्या भागाशी पडताळून पाहिले तरी गाडी कुठे झुकलेली नाही, असे म्हटल्यावर त्यांनी हातातली दुधाची पिशवी माझ्याकडे दिली आणि "तुलनेला काहीतरी नको का?" असे म्हणत ते पार्किंगमधल्या इतरांच्या गाड्या दाबत निघाले. एका डॉक्टरांच्या गाडीला त्यांनी "मध्यम" असा शेरा दिला. शेजारच्या उंच, काळ्या गाडीवर त्यांनी दोन्ही हातांनी असा काही भार टाकला की तिचा भोंगा बोंबलू लागला आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मालक बनियनवर प्रकट झाले. त्यांना खाली दिसले ते असे: काका बाजूला उभे आणि मी हातात दूध व टेप घेऊन त्यांच्या गाडीपाशी. "तपासणी चालू आहे! तुमची कडक आहे!" काकांनी खालून प्रमाणपत्र दिले. मालकांनी उत्तर दिले नाही. माझ्याकडे मात्र बराच वेळ पाहिले.

"आमच्या अँबॅसेडरला मागे लोखंडी पट्ट्यांचे पाटे होते, पाटे," काका परत येऊन म्हणाले. "हे शॉकअपबिकप काही नव्हतं."

"तिलाही शॉकअप होते, काका."

"असतील. आम्हाला कधी दिसले नाहीत."

उत्तरपाड्याच्या कारखान्यातले त्या गाडीचे उत्पादन 2014 मध्ये थांबले. काकांच्या बोलण्यात ते अजून तीन पाळ्यांत चालू आहे.

दुरुस्तीचे विशेष सांगण्यासारखे नाही. पुढचे शॉकअप गेले असते तर मी हात लावला नसता, कारण तिथे दाबलेली स्प्रिंग शॉकअपभोवतीच असते आणि ती चुकीच्या वेळी सुटली तर माणसाचा जबडा फोडू शकते. माझ्या गाडीत मागचा शॉकअप स्प्रिंगपासून वेगळा आहे. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी उचलून स्टँडवर टेकवली, एक्सल लोंबू नये म्हणून त्याखाली जॅक ठेवला आणि गंजलेल्या खालच्या बोल्टाला तेल पाजून दुपारपर्यंत वाट पाहिली. वरचा नट फिरवताना आतला दांडाही सोबत फिरतो, म्हणून तो दुसऱ्या पान्याने धरावा लागतो. तो पाना काकांनी हौसेने धरला आणि नट निम्मा सुटल्यावर "हा कितीचा पाना?" हे वाचण्यासाठी सोडून दिला. बदलताना दोन्ही बाजूंचे शॉकअप बदलायचे असतात आणि शॉकअपच्या टोकाच्या बुशचा, म्हणजे रबरी अस्तराचा, बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच पक्का आवळायचा असतो, नाहीतर बुश पिळलेलाच राहून लवकर फाटतो. "आधी सैल ठेवायचं? ही कामाची पद्धत नव्हे," असे काका त्यावर म्हणाले.

आता गाडी दाबली की वर येते आणि थांबते. पण शॉकअप अकाली का गेले, हे कोणी विचारत नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे गोल गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि तब्बल 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावर चढते आणि उतरते. आमच्या गेटमधला डांबराचा ढीग उंचीला त्याहून जास्त आणि रुंदीला जेमतेम एक पाऊल आहे. त्यावर गाडी चढत नाही, आपटते. तो घालण्याचा ठराव कोणी मांडला, हे इतिवृत्तात पाहिले. मांडणारे तिसऱ्या मजल्यावर राहतात.

सोमवारी दाराखालून पत्र आले: पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करून फरशीवर तेलाचे डाग पाडल्याबद्दल पाचशे रुपये दंड. खाली कमिटीच्या वतीने काकांची वळणदार सही होती, आणि त्याखाली त्यांनी पेनाने लिहिले होते, "स्प्रिंगांचेही बघा." दंड मी भरलेला नाही. त्या ढिगाची उंची टेपने मोजून, फोटोसह, कमिटीकडे लेखी पाठवली आहे. तिचे उत्तर येईपर्यंत भरणारही नाही.