कुलमुखत्यारपत्र आणि पांढरा रस्सा

बँकेतली माझी एकतीस वर्षं लोकांच्या सह्या डोळ्यांजवळ धरून बघण्यात गेली. एखादी वेलांटी जरा वाकडी दिसली की चेक परत. राजारामपुरीतले दोन-चार व्यापारी अजून माझ्याकडं बघून मान फिरवतात. अशा माणसानं परवा नुसत्या बोटानं काय लिहून दिलं, ते सांगतो.

आमच्या हिचं यूट्यूबवर रेसिपीचं चॅनेल आहे, माझ्याच मेलवरून काढलेलं. पांढऱ्या रश्श्याचा व्हिडिओ तयार होता. रविवारी मटणाच्या दुकानापुढं रांग लागायच्या आत, म्हणजे सकाळी सातला, तो पडायलाच पाहिजे, आणि इन्स्टा-फेसबुकवरही त्याच ठोक्याला, असा तिचा हुकूम. पुतण्या म्हणाला, "काका, त्याला टूल असतंय. शनिवारीच टायमिंग लावायचं आणि रविवारी निवांत झोपायचं. नुस्तं चॅनेल कनेक्ट करायचं बघा."

त्या 'नुस्तं'ला रात्रीचे अकरा वाजले.

आधी विचारलं, कुठलं खातं? दोन नावं दिसली. वरचं माझं होतं, त्यावर बोट ठेवलं. मग परवानग्या. व्हिडिओ, कमेंट, कॅप्शन पाहणं, बदलणं आणि कायमचं हटवणं. 'कायमचं हटवणं' वाचल्याबरोबर माझ्यातला बँकवाला ताडकन उठून बसला. गंगावेशीत धारेचं दूध आणायला पोराच्या हातात तांब्या दिला, तर ते म्हैस विकायचे कागद मागतं काय?

आमच्या वेळी याला दोन वेगळे कागद होते. एवढंच काम कर म्हणून सांगायचं असेल तर विशेष मुखत्यारपत्र. घर विकलंस तरी मी बोलणार नाही, असं असेल तर कुलमुखत्यारपत्र. मी बाणेदारपणे हटवण्याचा चौकोन रिकामा सोडला. टूल म्हणालं, परवानग्या अपुऱ्या आहेत, पुन्हा जोडा. जोडलं, पुन्हा रिकामा सोडला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला स्वयंपाकघरातून "झालं का हो?" आलं आणि मी सगळ्या चौकोनांत खुणा केल्या.

"भ्यायचं काय त्यात?" पुतण्या म्हणाला. "तुमचा पासवर्ड त्यांना कळतच न्हाई. गूगल त्यांना फक्त टोकन देतंय. अंबाबाईच्या देवळाभाईर चपला ठेवल्यावर बिल्ला देत्यात, तसं."

"अरे, पण ज्याच्या हातात बिल्ला, चपला त्याच्याच की!"

यावर त्यानं फोन खिशात घातला आणि तो जेवायला निघून गेला.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कुठल्या देशातलं कोण पोरगं हिच्या तीन वर्षांच्या आमट्या-कालवणं एका बोटानं पुसून टाकतंय, हेच डोळ्यापुढं. दोन वाजता उठून पासवर्ड बदलला आणि मग जरा डुलकी लागली. सकाळी कळलं, त्याचा काही उपयोग नव्हता. पासवर्ड बदलला तरी असलं टोकन चालूच राहतं. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात आपण कुणाकुणाला परवानगी दिलीय त्याची यादी असते, तिथून नाव काढलं तरच सुटका. मी यादी उघडली. २०१९ साली कधीतरी खेळलेल्या बुद्धिबळाच्या गेमला माझं नाव, फोटो आणि मेल आजतागायत दिसतंय.

सात वाजले. एक मिनिट इकडं नाही की तिकडं, व्हिडिओ पडला.

"माझ्याकडं कुठं दिसतोय?" हिनं विचारलं.

तो माझ्या चॅनेलवर पडला होता. जास्वंदीची छाटणी, कुंडीत खत कसं घालावं, आणि त्याच्यावर ही, हातात पळी, "आधी आळणी काढून घ्यायची" म्हणून सांगतेय. माझे सबस्क्रायबर सात, त्यात जुन्या शाखेचे शिपाई. त्यांची कमेंटही आलेली: "सायेब, खतात नारळाचं दूध चालतंय?"

"पुसा आधी ते!" ही कडाडली.

मी पुतण्याला फोन लावला. म्हटलं, "आपण त्या टूलला पुसायचा हक्क दिलाय ना? मग सांग त्याला, पूस म्हणावं."

"काका," तो झोपेतच म्हणाला, "त्यात डिलीटचं बटणच न्हाई. ते तुम्हालाच करायला लागतंय."