मैफल आणि अंध श्रोते
'अंध श्रोत्यांसाठी मैफलीत वेगळे काही करावे लागत नाही, कारण संगीत शेवटी ऐकायचेच असते' हे एका लेखात वाचलेले विधान पटले नाही. माझी बहीण पूर्ण अंध असून पुण्यातील मैफलींना आम्ही बरोबर जातो. राग तिला माझ्याआधी ओळखू येतो. अडते ते दुसरीकडेच. भारतीय बैठकीत सतरंजीखालून गेलेल्या वायरी, मध्यंतरात वाटेत सरकवलेल्या खुर्च्या आणि 'साथीला कोण आहे, ते आपण पाहताच आहात' असे म्हणून साथीदारांची नावेच गाळणारे सूत्रसंचालक यांचा लेखात उल्लेखही नाही.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचे तर याहून कठीण, कारण तबल्याचा आवाज चढवलेला असला की विलंबितातील, म्हणजे संथ लयीतील, बारीक मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणे) त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. सभागृहात इंडक्शन लूप, म्हणजे माइकचा आवाज चुंबकीय क्षेत्राद्वारे पोहोचवणारी तार, बसवला, तर टी-कॉइल (ते क्षेत्र टिपणारी छोटी कॉइल) असलेल्या श्रवणयंत्रात माइकवरचा आवाज आजूबाजूचा गलबला टाळून थेट येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९ नुसार सांस्कृतिक जीवनातील समान सहभागासाठी उपाययोजना करणे शासनाचे काम आहे. बालगंधर्व रंगमंदिरासारख्या महापालिकेच्या वास्तूंपासून त्याची सुरुवात करता येईल.