साठ किलोचा माणूस आणि त्याचं पोट

"ताई, मनं वजन ते साठ किलोच शे. मले काय व्हनार?"

चोपड्यात रक्त-लघवी तपासायची लॅब चालवते, त्यामुळे हे वाक्य नेहमीचंच झालंय. म्हणणारा माणूसही साधारण एकाच घडणीचा. हातपाय काटकुळे, गालफडं बसलेली, आणि शर्टाची खालची दोन बटणं तेवढी ताणलेली. रक्त मशीनमध्ये गरगर फिरवून ट्यूब बाहेर काढली की वरचं सिरम, म्हणजे रक्तातलं वर आलेलं पाणी, पिवळसर नितळ दिसायला हवं. अशांचं बऱ्याचदा दुधाळ निघतं. तपासणीच्या मशीनला लावायच्या आधीच कळतं, ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, चढलेलं आहे. मग रिपोर्ट हातात पडतो, माणूस त्यातली 'टोटल कोलेस्टेरॉल' ही एकच ओळ वाचतो, ती बरी असते, आणि खूश होऊन घरी जातो.

मला राग येतो तो या खुशीचा. पोटाच्या चरबीची रक्तातली ओळख बहुतेक वेळा टोटल कोलेस्टेरॉलमध्ये नसतेच. ट्रायग्लिसराईड १५०च्या वर, एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, पुरुषात ४०च्या आणि बाईत ५०च्या खाली, उपाशीपोटी साखर १००च्या पुढे, बीपी १३०/८५ला टेकलेलं, आणि कमरेचा घेर जास्त. या पाचातल्या तीन गोष्टी जमल्या की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. एकेकट्या पाहिल्या तर प्रत्येक 'थोडीशीच जास्त' असते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. सोनोग्राफीत 'ग्रेड वन फॅटी लिव्हर', म्हणजे लिव्हरमध्ये चरबी, आलं तरी आपल्याकडे उत्तर ठरलेलं: ते तर आता सगळ्यांनाच असतं!

सगळ्यांना असतं म्हणजे चांगलं असतं का, भाऊ?

चरबी कुठे साठते याला फार महत्त्व आहे. चामडीखालची चरबी, जी चिमटीत धरता येते, ती त्यामानाने गरीब. आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये बसलेली चरबी खोडील. आतड्यांकडचं रक्त आधी थेट लिव्हरकडे जातं, त्यामुळे तिथल्या चरबीतून सुटलेली फॅटी ॲसिडं पहिली लिव्हरवरच येऊन आदळतात. लिव्हर मग साखर आवरणाऱ्या इन्शुलिनचं ऐकेनासं होतं, नको तेव्हा रक्तात साखर सोडतं, ट्रायग्लिसराईड जास्त बनवतं. एचडीएल उतरतं. ही चरबी सूज वाढवणारी रसायनंही सोडते, आणि या सगळ्याचा मार हृदयाच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खातात. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात हार्ट ॲटॅकशी वजन-उंचीच्या हिशेबापेक्षा कंबर-नितंबाच्या प्रमाणाचं नातं जास्त घट्ट दिसलं, ते यामुळेच.

२००४ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. लठ्ठ बायकांच्या पोटावरची सुमारे दहा किलो चामडीखालची चरबी लायपोसक्शनने ओढून काढली. पोट दिसायला कमी झालं, पण इन्शुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद होता तसाच राहिला. पोटाला थरथरणारे पट्टे बांधून बसणाऱ्यांनी हे वाचावं. नुसत्या पोटाच्या व्यायामाने नुसती पोटाची चरबी जात नाही, हेही जाता जाता.

आता साठ किलोवाल्याकडे येऊ. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे कोडं जगापुढे मांडलं. 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे तोच वजन-उंचीचा हिशेब, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही त्यांना हेच दिसलं: वजन कमी, पण त्या मानाने चरबी राखून ठेवलेली. बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक असेलच असं नाही. म्हणून आपल्यासाठी कमरेची मर्यादाही कमी ठेवलेली आहे, पुरुषाला ९० सेंटीमीटर, बाईला ८०.

आणि कंबर म्हणजे पॅन्टचा नंबर नव्हे! आपले लोक पट्टा पोटाच्या खाली बांधतात, त्यामुळे पोट पुढे गेलं तरी पॅन्ट चौतीसचीच राहते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास साधेपणाने सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. हा आकडा उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त भरला तर तपासणी करून घ्यावी.

मग खाण्यावर गाडी येते आणि बिचाऱ्या भरताला शिव्या बसतात. मला ते पटत नाही. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, सोबत कांद्याची पात, यात वाईट काय? तेलाची धार आवरा, पुऱ्या रोजच्या करू नका, एवढंच. खरा बदल जेवणापेक्षा जेवणाच्या आजूबाजूला झालाय. दिवसभर गोड चहा, त्याबरोबर शेव-कचोरी, दुकान बंद झाल्यावर रात्री उशिरा पोटभर जेवण आणि लगेच झोप. शेतकऱ्याचंही तसंच. रात्री-अपरात्री पाण्याचे बारे द्यायला बांधावरून फिरायचा तो माणूस आता ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवून मोटरसायकलवर परत येतो. त्याचे कष्ट वाचले याचा मला आनंदच आहे. पण ताटातलं धान्य मात्र जुन्याच कष्टांच्या हिशेबाने पडतंय.

बायकांबद्दल तर कोणी बोलतच नाही. पुरुषाचं पोट सुटलं की 'खाता-पिता घरना शे' म्हणून कौतुक होतं, बाईचं पोट साडीत झाकून जातं आणि 'बाळंतपणानंतर व्हयच' म्हणून विषय संपतो. देशाच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदा कंबर मोजली, तेव्हा दहातल्या चार बायका मर्यादेच्या पुढे निघाल्या. पाळी गेल्यावर मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते, हृदयाला असलेलं थोडंफार संरक्षणही सरतं. माझ्याकडे नवऱ्याचा रिपोर्ट न्यायला येणाऱ्या वहिनींची स्वतःची तपासणी गरोदरपणानंतर झालेलीच नसते.

दिलासा एवढाच की ही आतली चरबी जशी चटकन साठते तशी चटकन हलतेही. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखर, ट्रायग्लिसराईड, लिव्हर या सगळ्यांत फरक दिसू लागतो. दुधाळ सिरम नितळ होताना मी पाहिलंय, आणि ते रोज चालणाऱ्या, रात्रीचं जेवण लवकर उरकणाऱ्या माणसांचं. दारू सोडणाऱ्यांचं तर फार लवकर.

पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला, गणपतीत, पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला आपल्याकडे आरोग्य शिबिरं होतात. बीपी, शुगर, वजनकाटा, सरबत, फोटो. दहा-वीस रुपयांचा शिंप्याचा टेप मात्र टेबलावर नसतो. पुढच्या शिबिराला माझी लॅब असेल तर टेप असेल, असं मी आयोजकांना कळवलंय. "बायका कंबर मोजू देणार नाहीत ताई," एक दादा म्हणाले. बायकांच्या रांगेला पडदा लावा आणि आत बाई बसवा, मोजू देतील.