‘घाट सांगितला होता, नुसतं प्लायवूड मिळालं’ : या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुमच्या घरी आम्ही बसवत असलेल्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटबद्दल, म्हणजे रूळ, घाट आणि स्टेशनच्या छोट्या प्रतिकृतीबद्दल, तुम्ही दिलेला अभिप्राय वाचला. दोन तारे दिलेत आणि कारणंही स्पष्ट लिहिलीत. आठ बाय चार फुटांचं टेबल सांगितलं असताना आम्ही खोलीभर भिंतीलगत फळी फिरवली, बोरघाट मागितला तर चढ जाणवतच नाही, वायरिंगचे पैसे जास्त लावले, आणि एवढं करून काम अर्धवट ठेवलं, झाड नाही की खडी नाही. घरी रेल्वेचा लेआउट करायचं मनात असलेले बरेच जण हे वाचतील, म्हणून प्रत्येक गोष्टीचं कारण इथेच मांडतो.

आधी टेबल, कारण बाकीचं सगळं त्यावरून ठरलं. डेक्कन क्वीनचे एलएचबी, म्हणजे नव्या धर्तीचे लांब, डबे तुमच्याकडे आधीपासून होते, एचओ स्केलचे, म्हणजे १:८७ मापाचे. खरा डबा साडेतेवीस मीटरचा, तुमचा २७ सेंटिमीटरचा. इतका लांब डबा वळणावर नीट धावायचा आणि नीट दिसायचा तर वळणाची त्रिज्या त्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, म्हणजे ८० सेंटिमीटरच्या आसपास. चार फुटी टेबलावर कडेला थोडी जागा सोडली की त्रिज्या ५६ सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. हे आपण कागदावर नाही, तुमच्याच खोलीत पुठ्ठ्यावर करून पाहिलं होतं. डब्याच्या टोकाला पेन्सिल चिकटवली आणि डबा त्या वळणावरून हाताने ढकलला. पेन्सिलीची रेघ सरळ रुळावरच्या डब्यापेक्षा जवळपास एक सेंटिमीटर बाहेरून गेली, आणि तुमच्या चित्रात नेमकी तिथे बोगद्याची भिंत होती.

त्यात तुम्हाला कर्जतपासून मागे बँकर, म्हणजे मागून रेटणारं जादा इंजिन, लावून गाडी वर चढवायची होती. ही कल्पना मला मनापासून आवडली, घाटाची खरी मजा त्यातच आहे. पण इंजिन पुढून ओढत असतं तेव्हा आवळ वळण कसंबसं निभावतं; मागून रेटा आला की मधले डबे बाहेरच्या बाजूला ढकलले जातात आणि रुळावरून उतरतात. आणि टेबल भिंतीला लागून असताना ते उतरणार कुठे, तर मागच्या कोपऱ्यातल्या बोगद्यात, चार फूट आत. माणसाचा हात अडीच फुटांपलीकडे धड पोचत नाही. दर वेळी डोंगर उचलून डबे काढायची वेळ तुमच्यावर आली असती.

तुम्ही व्हिडिओंचा दाखला दिला आहे. आठ बाय चारवर डोंगर, बोगदे आणि दोन-दोन लाइनी बसवलेल्या मीही पाहिल्या आहेत, त्या खऱ्याच असतात. त्यात बहुतेक वेळा आखूड डबे असतात किंवा एन स्केल असतं. एनमध्ये, म्हणजे १:१६० मध्ये, हाच डबा १५ सेंटिमीटरच्या आत येतो आणि चार फुटांत त्याला ऐसपैस वळण मिळतं. तो पर्याय आम्ही सुरुवातीलाच मांडला होता. हातातले डबे सोडायचे नाहीत असं तुम्ही ठरवलंत. ते योग्यच होतं, डबे फार सुंदर आहेत. मग जागा त्यांच्या मापाने घ्यावी लागली.

आता घाट. खऱ्या बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के. एचओमध्ये एक लाइन दुसरीच्या डोक्यावरून न्यायची तर साडेसात सेंटिमीटर तरी उंची लागते. या चढाने तेवढं वर जायला पावणेतीन मीटर, खाली यायला तेवढेच. आठ बाय चारवरची अख्खी फेरी सहा मीटरच्या आत संपते. स्टेशनला सपाट जागा उरतच नाही. भिंतीलगतच्या फळीवर बारा फुटांची एक सलग बाजू मिळाली, म्हणून २ टक्क्यांचा चढ देऊन गाडी सात सेंटिमीटर वर नेता आली, आणि तुमचं इंजिन सगळे डबे घेऊन तिथे चाकं न घसरवता चढतं.

सात सेंटिमीटर डोळ्याला कमी वाटतात, हे मान्य. पण खंडाळ्याला खिडकीतून उंची जाणवते ती रुळाखालच्या दरीमुळे. म्हणून त्या बाजूला आम्ही सलग प्लाय टाकलंच नाही. रुळाखाली फक्त पट्टी, तिला खालून टेकू, आणि त्याखाली फूटभर मोकळी जागा. आज तुम्हाला तिथे उघडी फ्रेम दिसते, ती जागा दरीच्या उतारासाठी आणि पुलाच्या खांबांसाठी मुद्दाम सोडली आहे.

घाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडी दिशा उलटवून पुढे जायची, ते घेतलं नाही, ही तुमची आणखी एक तक्रार. ते १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर बंद झालं आणि डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली. एलएचबी डबे तर तिला २०२२ मध्ये लागले. या गाडीने ते स्टेशन पाहिलेलंच नाही. ती जागा मी लांब प्लॅटफॉर्मला दिली, आणि आजही तसंच करेन.

वायरिंगचं म्हणाल तर फळीखाली वाकून एकदा पाहा. साधारण दर तीन फुटांवर रुळाच्या बाहेरच्या अंगाला एक लाल, एक काळी वायर सोल्डर केलेली आहे, बारीक भोकातून खाली जाऊन मुख्य जाड वायरला जोडलेली. दोन रूळ जोडणाऱ्या नुसत्या जोडपट्ट्यांच्या भरवशावर वीज सोडली तर काम स्वस्तात होतं, पण आपल्याकडच्या दमट हवेत त्यांच्यावर थर धरतो, आणि गाडी लांबच्या टोकाला मंदावते, अडखळते. खडी बसल्यावर ती वायर जोडणं फार अवघड जातं. हा खर्च पुढे ढकलण्यासारखा नव्हता.

राहिला ‘अर्धवट’ हा शब्द. आपल्या करारात दोन टप्पे लिहिले आहेत आणि पहिल्या टप्प्यात रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) आणि वायरिंग एवढंच आहे. मध्ये एक पावसाळा जाऊ द्यायचा, हा आमच्याकडचा नियम आहे. प्लाय ७१० ग्रेडचं, म्हणजे पाणी सोसणारं, असलं तरी फ्रेमचं लाकूड पावसात फुगतं, थंडीत आक्रसतं, आणि त्याबरोबर रुळाच्या जोडातल्या फटी कमीजास्त होतात. खडी पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने चिकटवतात. एकदा ती वाळली की रूळ केसभरही हलवता येत नाही. कुठे उंचवटा आला असेल तर तो काढणं फार अवघड होतं.

तेव्हा एक विनंती. तोवर गाडी रोज चालवा, नातवालाही चालवू द्या, आणि जिथे डबा उडतो किंवा इंजिन अडखळतं तिथे फळीवर खडूने खूण करा. दसऱ्यानंतर येऊन त्या सगळ्या जागा दुरुस्त करतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मग खडी, दरी आणि झाडं. दुसरा टप्पा आमच्याकडून करून घ्यायचा नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा. ट्रॅकप्लॅन आणि वायरिंगचा आराखडा तुमच्या फाइलमध्ये दिलेला आहे, त्यावरून कोणीही जाणकार पुढचं काम करू शकेल.