त्याला सगळं माहीत होतं

माहिती असलेल्या माणसांचा आज मला प्रचंड संताप आलाय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

मावशीचा बायॉप्सीचा रिपोर्ट आला. ती कॉटवर बसलेली, कागद मांडीवर उलटा ठेवलेला. तेवढ्यात तिचा पुतण्या आला. हुशार मुलगा, वाचन दांडगं. त्यानं कागद उचलून सुलटा केला, मोबाईलवर शोधाशोध केली आणि म्हणाला, "काकू, या स्टेजला मीडियन सर्व्हायव्हल इतके महिने असतं." स्टेज म्हणजे काय, तेही समजावलं. एक शब्द चुकीचा नव्हता. मावशी चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिली.

तिनं विचारलं होतं का? नाही ना!

स्टीफन जे गुल्ड म्हणून जीवाश्मांचे मोठे अभ्यासक होते. 1982 मध्ये त्यांना मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, यावर वाचण्यासारखं काय आहे? बाई म्हणाल्या, वाचावं असं खास काही नाही. त्यांना आकडा ठाऊक नसेल? असणारच. पण समोर नुकतं ऑपरेशन झालेला माणूस आहे हेही त्यांना दिसत होतं. याला म्हणतात शहाणपण!

गुल्ड हिंडूफिरू लागल्याबरोबर लायब्ररीत गेले. निदानानंतर मीडियन आठ महिने, हे वाचून सुन्न झाले. मग डोकं चालवलं. मीडियन आठ महिने म्हणजे निम्मी माणसं त्याहून जास्त जगतात, आणि त्यातली काही तर कितीतरी वर्षं. ते स्वतः 20 वर्षं जगले. 2002 मध्ये गेले, तेही वेगळ्याच कॅन्सरनं. पुतण्याला मीडियन पाठ होतं, त्याच्या पलीकडे निम्मी माणसं उभी असतात हे नाही सुचलं. तो आकडा शेकडो पेशंटांचा. कॉटवर बसलेली बाई एकटी.

पेशंटपासून काही लपवू नये, मान्य. गुल्डनीही शोधलंच. पण त्यांनी स्वतः शोधलं, स्वतःची तयारी झाल्यावर.

तो गेल्यावर मावशीनं नर्सला हळूच विचारलं, "केस सगळे जातात का हो?" नर्स सलाईन बघत होती, ते सोडून शेजारी बसली. "कुठलं औषध देतात त्यावर आहे. डॉक्टर राउंडला आले की आपण दोघी मिळून विचारू." एवढंच. मावशीनं त्यानंतर पहिल्यांदा चष्मा डोळ्यांवर चढवला.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. इतकं सगळं त्यानं पाच मिनिटांत नक्कीच वाचलं नसणार. आदल्या रात्री जागून वाचलं असेल, घाबरून. काकूनंच तर त्याला लहानाचा मोठा केलाय. म्हणून त्याचं वागणं बरोबर ठरत नाही, आणि हे मी त्याला उद्या फोन करून स्पष्ट सांगणार आहे. पण आधी विचारीन, तू झोपलास का रे?