खुलासा: अरबीत उंटाला हजार समानार्थी शब्द?

‘अरबीत उंटाला हजार समानार्थी शब्द आहेत’ असा मेसेज फिरतोय. शब्द भरपूर आहेत हे खरं, पण ते समानार्थी नाहीत. नर तो ‘जमल’, मादी ‘नाका’. नुकतं जन्मलेलं पिल्लू ‘हुवार’, दूध तुटलं की ‘फसील’. ‘नाजिया’ म्हणजे वेगवान सांडणी, स्वाराला संकटातून सोडवून नेणारी. मुळात हे विशेषणच, जुन्या कवितेत नामासारखं रुळलेलं. खजुराचंही तसंच: ‘बासिका’ म्हणजे उंच वाढलेलं झाड. कुराणाच्या ५०व्या सुरेत (अध्यायात) ‘बासिकात’ हे त्याचं अनेकवचन आलंय. आणि हा नुसता काव्यविलास नव्हे, हिशेबाचा मामला आहे! ४६ ते ६० उंट असले तर जकातीत (इस्लाममधलं सक्तीचं दान; आपला नाक्यावरचा कर नव्हे) ‘हिक्का’, म्हणजे तीन वर्षं पूर्ण झालेली मादी, द्यावी लागते. वर्षाची ‘बिंत मखाद’ देऊन भागत नाही.