सिद्कीयाला सगळं कळत होतं

यहूदाचं, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेलं यहूद्यांचं राज्य मूर्तिपूजेमुळे बुडालं, हे आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. बायबलमधल्या राजांच्या पुस्तकात तसं लिहिलंयही. पण त्याच काळातल्या यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक एकदा सलग वाचा. राज्य बुडवणारे गादीवरच बसलेले दिसतात.

राजा यहोयाकीम तर उघडउघड माजलेला. मजुरांना फुकट राबवून गंधसरूचा वाडा बांधला, वर हिंगुळाचा रंग दिला. यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी त्याच्यापुढे वाचली तेव्हा थंडीचे दिवस, समोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की हा गडी चाकूने तेवढा भाग कापणार आणि विस्तवात टाकणार. अख्खी गुंडाळी अशी जाळली. निदान माणूस कुठल्या बाजूला आहे ते तरी कळत होतं!

माझा खरा राग शेवटचा राजा सिद्कीया याच्यावर आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजा नबुखद्नेस्सराने त्याला गादीवर बसवला, तेव्हा वय 21. हा दुष्ट वाटत नाही, म्हणून जास्त घातक. यिर्मयाला मारून टाका असं सरदार म्हणाले, तर हा म्हणतो, तो तुमच्याच हातात आहे, तुमच्यापुढे राजाचं काय चालणार! त्यांनी यिर्मयाला हौदात सोडलं. पाणी नव्हतं, नुसता चिखल. मग एबद-मलेख नावाचा कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाचा) सेवक रदबदलीला आला, तर त्यालाही हो. त्या सेवकाने यिर्मयाला वर ओढताना दोरीने काखा सोलवटू नयेत म्हणून आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या. अख्ख्या दरबारात काळीज शाबूत असलेला माणूस निघाला तो परका.

पुढे राजा यिर्मयाला गुपचूप बोलावतो. उत्तर सरळ मिळतं: बाबेलला शरण जा, यरुशलेम शहर जळणार नाही. मग अडलं कुठे? तर बाबेलला आधीच जाऊन मिळालेले यहूदी माझी टर उडवतील! वर ताकीद, आपलं बोलणं कुणाला कळू देऊ नकोस.

गुलामांचंही तेच. बाबेलच्या वेढ्याच्या धास्तीने राजाने करार करून ते सोडायला लावले. मिसरचं (इजिप्तचं) सैन्य निघाल्याचं ऐकून खास्दी, म्हणजे बाबेलचे सैनिक, मागे सरले आणि मालकांनी तेच गुलाम पुन्हा धरून आणले. राजाने अडवल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

इ.स.पू. 586च्या सुमारास तट फुटला. राजा रात्रीच बागेच्या वाटेने पळाला, यरीहोच्या मैदानात सापडला. नबुखद्नेस्सराच्या तळावर, रिब्लात, त्याच्या डोळ्यांदेखत मुलं मारली, मग त्याचे डोळे फोडले. शहर जळालंच. मागे उरलेल्या कंगालांना द्राक्षमळे आणि शेतं मिळाली, पण ती दिली बाबेलच्या सेनापतीने. त्यांच्या स्वतःच्या राजाला साधा सुटकेचा करार टिकवता आला नव्हता.